लोडरची ताकद कुठे गळते? मलिक अंबरच्या नहरीपासून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकपर्यंत

१/
असे समजा, की मे महिना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या एखाद्या आटलेल्या तलावातून गाळ काढून ट्रॉलीत भरण्याचे काम चालू आहे. ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला लोडर सकाळी भरलेले बकेट सहज वर नेत होता. दुपारी तेच बकेट निम्म्यावर जाऊन थांबते. इंजिनाचा आवाज नेहमीचा आहे, बाहेर कुठे तेलाचा थेंब दिसत नाही. मग ताकद गेली कुठे?

२/
"पंप गेला" हे बहुतेकांचे पहिले उत्तर असते. ते महागडे असते आणि पुष्कळदा चुकीचेही. द्रवाच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रणेत दोष शोधण्याची एक रीत आहे, आणि तिचे फार जुने धडे याच शहराच्या जमिनीखाली दडलेले आहेत. या थ्रेडमध्ये तो चारशे वर्षांचा प्रवास पाहू आणि शेवटी पुन्हा या लोडरपाशी येऊ.

३/
निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी राजधानी वसवली. जन्माने हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष दख्खनच्या राजकारणात मोगलांना पुरून उरला. पण नव्या राजधानीला शत्रूइतकीच चिंता पाण्याची होती. नावाप्रमाणेच खडकाळ गाव, जवळून वाहणारी खाम नदी लहान, आणि वस्ती तर झपाट्याने वाढणार होती.

४/
पाणी होते ते उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूला, जमिनीच्या पोटात. अंबराने तिथून शहरापर्यंत भूमिगत नहर काढली. तीच 'नहर-ए-अंबरी'. झिरपलेले पाणी गोळा करायचे आणि जमिनीखालच्या बांधीव मार्गातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, अशी ती योजना. ना पंप, ना बैल. डोंगर आणि शहर यांच्या उंचीतला फरक हेच तिचे इंजिन.

५/
या नहरीचा एक भाग इतिहासप्रेमींच्या नजरेतून बरेचदा सुटतो. भूमिगत मार्गावर ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवलेली होती. त्यांतून माणूस आत उतरू शके, गाळ उपसू शके, पाणी वाहते आहे की तुंबले आहे हे डोळ्यांनी पाहू शके. पाणी कमी झाले तर सारी नहर खणण्याची गरज नव्हती. एक तोंड उघडायचे, मग दुसरे; पाणी जिथे कमी झालेले दिसेल त्याच्या अलीकडे दोष.

६/
शहराची नावे पुढे बदलत गेली. १६२६ मध्ये अंबराच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फतेहखान याने खडकीचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाच्या नावावरून औरंगाबाद झाले. नहरी मात्र वाढतच राहिल्या. बेगमपुरा, थत्ते, पाणचक्की अशा नहरींचे जाळे तयार झाले. त्यात एक नवी गोष्ट आली: बंद नळ. इथून आपला खरा विषय सुरू होतो.

७/
उघड्या पाटात पाणी फक्त उतारावरून वाहते. बंद नळात ते खोलगट भागातून खाली उतरून पुन्हा वर चढू शकते. अट एवढीच, की शेवटचे टोक उगमापेक्षा खाली असले पाहिजे. हाच वक्रनलिकेचा उपयोग. पण बंद नळाबरोबर दाब येतो. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब पडतो. भाजलेल्या मातीच्या नळांचे सांधे तो किती सोसणार?

८/
त्यावरचा उपाय म्हणजे विटा-दगडांचे जलस्तंभ. स्तंभाच्या एका बाजूने नळ वर चढतो, माथ्यावरच्या लहानशा उघड्या कुंडीत पाणी सोडतो, आणि दुसऱ्या बाजूच्या नळाने ते पुन्हा खाली उतरते. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम! पाणी वर चढवून खाली कशाला आणायचे? याचे उत्तर कुंडी उघडी असण्यात आहे. नळात अडकलेली हवा तिथे निसटते, गाळ तळाशी बसतो, आणि पुढच्या नळावरचा दाब कुंडीच्या उंचीपुरताच राहतो.

९/
इस्तंबूलमध्ये अशा स्तंभांना 'सू तेराझिसी' म्हणतात, म्हणजे पाण्याचा तराजू. विजापुरातही असे मनोरे उभे आहेत. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले, त्या नळावरच्या उघड्या बांधकामांना नाव मिळाले 'उच्छ्वास'. बंद नळाला श्वास सोडायला जागा हवी, हे मराठी कारागिरांनी एका शब्दात सांगून ठेवले आहे.

१०/
हवेचा एवढा धसका का? पाणी किंवा तेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून एका टोकाला दिलेला जोर दुसऱ्या टोकाला पोचतो. हवा मात्र स्पंजासारखी दबते. द्रवात हवा मिसळली की निम्मा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. नहरीच्या नळात हवेचा फुगा उंचवट्यावर अडकून वाट अडवतो. लोडरमध्ये बकेट गचके खात उठते आणि टाकीतल्या तेलावर फेस दिसतो. दोष एकच, द्रव वेगळे.

११/
जलस्तंभाचा आणखी एक उपयोग त्याच्या रचनेतूनच कळतो. माथ्यावरची कुंडी भरली असेल, तर उगमापासून इथपर्यंत सारे ठीक आहे. पुढच्या स्तंभाची कुंडी कोरडी असेल, तर गळती किंवा अडथळा या दोन स्तंभांच्या मधे आहे. म्हणजे प्रत्येक स्तंभ दाब दाखवणारे मापकही होता. दोषाची जागा कोंडीत पकडण्याची ही युक्ती पुढच्या सगळ्या कहाणीचा गाभा आहे.

१२/
हे सारे एकत्र पाहायचे तर पाणचक्कीला जावे. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात, निजाम-उल-मुल्कच्या पदरी असलेल्या तुर्कताजखानाने १७४४ मध्ये ही चक्की उभारली. नहरीचे पाणी उंच भिंतीवरून कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि यात्रेकरू, शिष्य व शिबंदी यांच्यासाठी पीठ दळले जाई. समोरचा हौद सुमारे १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे, आणि त्याच्या तळाखाली खांबांवर तोललेले दालन आहे!

१३/
पाणचक्कीचे जाते मंदावले तर कारणे दोनच संभवतात: वरून येणारे पाणी कमी झाले, किंवा त्याची पडण्याची उंची कमी झाली. आजच्या भाषेत प्रवाह आणि दाब. लोडरच्या बाबतीतही या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. दाब ठरवतो, किती वजन उचलले जाईल. प्रवाह ठरवतो, किती वेगाने. म्हणून कोणताही जाणता मिस्त्री आधी विचारतो, "हळू उचलतो, की उचलतच नाही?"

१४/
या दाबाचे शास्त्र युरोपात लिहिले जात होते. ब्लेझ पास्कालचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये पॅरिसला छापला गेला. त्याच वर्षी पुण्यात शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटे छाटली. बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा त्या ग्रंथाचा सिद्धांत. म्हणजे लहान नळीतला थोडा जोर रुंद नळीत मोठे ओझे उचलू शकतो.

१५/
हे यंत्रात उतरायला १७९५ उजाडले. त्या वर्षी मार्चमध्ये मराठ्यांनी खर्ड्याला निजामाचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. अडचण एकच होती. दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. सांधा घट्ट करावा तर दट्ट्या अडके, सैल ठेवावा तर दाब निसटे. यावरचा उपाय हेन्री मॉडस्लेच्या नावे सांगितला जातो: वाटीच्या आकाराचे चामडी सील, जे पाण्याच्या दाबानेच फुलून कडेला घट्ट बसते.

१६/
आपल्या लोडरच्या जॅकमधले सील त्याच चामडी वाटीचे वंशज. ते झिजले की तेल दट्ट्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला निसटते. ही गळती आतल्या आत होते, जमिनीवर एक थेंबही पडत नाही. म्हणूनच "तेल कुठे गळत नाही, तर मग दोष पंपाचाच" हा तर्क फसवा आहे. उचललेले बकेट आपोआप खाली सरकू लागले तरीही थेट सीलला दोषी धरू नये. कंट्रोल वॉल्व झिजला असला तरी तसेच घडते.

१७/
एकोणिसाव्या शतकात विल्यम आर्मस्ट्राँगने इंग्लंडात शहराच्या नळाच्या दाबावर चालणारी क्रेन बनवली. नळातला दाब कमीजास्त झाला की क्रेन ढेपाळे. उपाय म्हणून ग्रिम्सबी बंदरात १८५२ मध्ये सुमारे ३०० फूट उंच मनोरा पूर्ण झाला. त्यातल्या उंच टाकीने दाब स्थिर ठेवला. पाहा गंमत: आपल्याकडे दाब मोडण्यासाठी स्तंभ, तिकडे दाब मिळवण्यासाठी. दोन्हीकडे मोजपट्टी एकच, ती म्हणजे पाण्याची उंची.

१८/
मग १८४९ मध्ये फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँने एका वाकवलेल्या पोकळ नळीचे दाबमापक काढले. आत दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. आजही मिस्त्री लोडरला जोडतो ते गेज बहुधा याच तत्त्वाचे असते. त्याची गरज केवढी, ते पाहा. लोडरमध्ये १६० बारच्या आसपास दाब असू शकतो. तेवढा दाब पाण्याच्या उंचीने मिळवायचा तर सुमारे १,६०० मीटरचा स्तंभ लागेल. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर!

१९/
शेतात ही ताकद आणण्याचे मोठे श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याचे. अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी आणि आपोआप सांभाळणारी त्याची रचना १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे जगभर पोचली. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टचे मूळ तिथे आहे. पुढचा लोडर अनेक ट्रॅक्टरांवर त्याच पंपाचे तेल वापरतो. तपास करताना हा धागा हाती ठेवावा: एकच उगम, अनेक फाटे. अगदी नहरीसारखे.

२०/
आता आपल्या लोडरकडे. नहरीचा जाणकार विचारेल, "पाणी साऱ्या शहरात कमी, की एकाच मोहल्ल्यात?" तसाच हा पहिला प्रश्न. फक्त बकेट वळवताना ताकद कमी पडत असेल, तर दोष त्या फाट्यावर: तो जॅक किंवा वॉल्वचा तो कप्पा. उचलणे आणि वळवणे दोन्ही ढिले, पण मागची लिफ्ट ठणठणीत असेल, तर लोडरचा वॉल्व व त्याचा रिलीफ तपासावा. तेच तेल वापरणारे सारेच ढिले असेल, तर दोष उगमाकडे: तेल, फिल्टर, सक्शन पाईप किंवा पंप.

२१/
दुसरा प्रश्न: थंड असताना की तापल्यावर? गारठ्यात तेल घट्ट असते. तेव्हाच त्रास होत असेल तर तेल पंपापर्यंत नीट पोचत नाही, फिल्टर तुंबला असेल किंवा तेल चुकीच्या जातीचे असेल. तापल्यावर तेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून अधिक निसटते. पंप, वॉल्व आणि सील यांची झीज दुपारी उघडी पडते ती अशी. तिसरा प्रश्न साधाच: ओझे तेच आहे ना? ओला गाळ कोरड्या मातीपेक्षा बराच जड भरतो.

२२/
मग टाकी. ट्रॅक्टर सपाट जागी, बकेट जमिनीवर, आणि तेलाची पातळी पाहायची. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी, फेस असेल तर हवा. हवा शिरते ती बहुधा सक्शनच्या बाजूने. तिथे पंप तेल ओढत असतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून सांधा सैल असला तरी चालू इंजिनात तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. संशयित सांध्यावर ग्रीस लावून पाहतात. पंपाचा करकरणारा आवाज बदलला, की चोर सापडला.

२३/
एवढे झाल्यावर गेज. जॅक टोकाला नेऊन क्षणभर धरला, की तेल रिलीफ वॉल्वमधून परत फिरते आणि काटा कमाल दाब दाखवतो. पुस्तिकेत लिहिलेला दाब मिळाला, तर दाबाचा दोष नाही. ओझे, सांधे किंवा प्रवाह पाहावा. दाब कमी भरला, तर रिलीफ वॉल्व, पंप आणि आतली गळती यांतून एकेक वगळत जायचे. मोह होतो तो रिलीफचा स्क्रू आवळण्याचा. तो मोह टाळावा. झिजलेल्या पंपाला त्याने ताकद येत नाही; धडधाकट यंत्रणेत मात्र पाईप फुटतो किंवा लोडरचे हात वाकतात.

२४/
एक इशारा, कारण थ्रेड वाचून कोणी पाना घेऊन निघेल. उचललेल्या बकेटखाली कधीही शिरू नये. कुठलाही पाईप सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब मोकळा करावा. गळती हाताने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. अशी जखम झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

२५/
आपल्या उदाहरणातल्या लोडरचे काय? दुपारी पुढचा लोडर आणि मागची लिफ्ट दोन्ही ढिली पडत होती, म्हणून शोध उगमाकडे वळला. टाकीत फेस होता आणि पातळी थोडी खाली. सक्शन पाईप उन्हाने मऊ पडला होता, त्याची पट्टी सैल झाली होती. ग्रीस लावताच पंपाचा आवाज बदलला. पाईप व पट्टी बदलली, तेल पातळीवर आणले, फेस बसू दिला. गेजने पुरा दाब दाखवला. पंप निर्दोष होता. हजारोंचा खर्च एका पट्टीपाशी थांबला, तो क्रमाने शोध घेतल्यामुळे.

२६/
आता नहरींकडे एक शेवटची नजर. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबादचे राजवैभव ओसरले. नहरी त्यानंतरही वाहत राहिल्या. पण हळूहळू तपासणीची तोंडे बुजली, त्यांवर घरे आणि रस्ते आले, खोदकामांत नळ फुटले, जलस्तंभ ढासळले. उतार तसाच होता, डोंगरही तिथेच होते. आत उतरून पाहण्याची सोय गेल्यावर दोष कुठे आहे हे कळेनासे झाले, आणि न कळलेला दोष दुरुस्त होत नाही.

२७/
१९७६ मध्ये पैठणला जायकवाडीचे नाथसागर धरण लोकार्पण झाले. शहराची तहान आता मुख्यतः त्यावर भागते. नाथसागर शहरापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली आहे. जे पाणी पूर्वी डोंगरावरून आपणहून उतरत असे, ते आता पंपांनी वर चढवावे लागते. अनेक वस्त्यांना काही दिवसांआड पाणी मिळते. तिथेही प्रश्न तेच लागू पडतात: उगमाला प्रवाह कमी आहे, वाटेत दाब निसटतो आहे, की एखादा फाटाच तुंबला आहे? आणि हे दाखवणारी उघडी तोंडे कुठे आहेत?

२८/
पुढच्या वेळी पाणचक्कीला गेलात, तर कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो जरूर काढा. पण त्याआधी ते पाणी तिथवर आले कसे, हे शोधा. बेगमपुऱ्याच्या बाजूला एखादा पडका स्तंभ दिसला, तर त्याला निरुपयोगी बुरूज समजू नका. तो पाण्याचा तराजू आहे. त्याच्या माथ्यावरच्या कुंडीत डोकावून कोणीतरी एके काळी ठरवत असे, की दोष अलीकडे आहे की पलीकडे.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावात असा स्तंभ, उच्छ्वास किंवा नहरीचे तोंड शिल्लक असेल, तर छायाचित्रासह खाली अवश्य नोंदवा.)